शब्दांच्या धन्याचे नाव

गाणे लोकांच्या ओठांवर रुळते, गायकाची कीर्ती देशोदेशी पोहोचते. पण ते शब्द कोणाचे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. पाश्चात्त्य रॉक आणि पॉप संगीताच्या झगमगाटात तर गीतकार हा बहुधा पडद्यामागचाच मनुष्य. १४ नोव्हेंबर २०२४ रोजी वयाच्या ८० व्या वर्षी निवर्तलेले इंग्लंडचे पीटर सिनफील्ड हे असेच एक गीतकार. त्यांच्या पन्नास वर्षांपूर्वीच्या गाण्यांवर आजही लोक डोलतात, पण त्यांचे नाव ठाऊक असलेले श्रोते थोडेच.

‘किंग क्रिम्सन’ या वाद्यवृंदातून सिनफील्ड यांचा उदय झाला. ते ना त्याचे गायक होते, ना वादक. वाद्यवृंदाचे नाव मात्र त्यांनीच सुचवलेले, गीते त्यांचीच आणि कार्यक्रमांची प्रकाशयोजनाही त्यांचीच. १९६९ साली पहिली ध्वनिमुद्रिका निघाली, तेव्हा वेष्टनावर चार कलावंतांच्या बरोबरीने पाचवे नाव सिनफील्ड यांचे छापले गेले. कामगिरी दोनच शब्दांत नोंदवलेली : शब्द आणि प्रकाश. मंचावर न दिसणाऱ्या माणसाला वादकांच्या पंक्तीत मानाचे पान देण्याचा हा औचित्यपूर्ण निर्णय आजही अनुकरणीय वाटतो. व्हिएतनाम युद्धाच्या त्या काळात यंत्रयुगातील दुभंगलेल्या माणसाचे भयचित्र रेखाटणारे ‘ट्वेंटी फर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन’ हे गीत याच मुद्रिकेतले. २०१० साली अमेरिकी गायक कान्ये वेस्ट यांनी आपल्या ‘पॉवर’ या गाण्यात त्याचाच अंश वापरला, यावरून त्याचे आयुष्य लक्षात यावे.

चार ध्वनिमुद्रिकांनंतर, १९७१ च्या अखेरीस, मतभेदांमुळे सिनफील्ड यांना वाद्यवृंद सोडावा लागला. १९७२ साली त्यांनी ‘रॉक्सी म्युझिक’ या नव्या वाद्यवृंदाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेची निर्मिती केली. पुढे जुने सहकारी ग्रेग लेक यांच्याबरोबर लिहिलेले ‘आय बिलीव्ह इन फादर ख्रिसमस’ हे गीत १९७५ च्या नाताळात गाजले. हे गीत म्हणजे नाताळच्या बाजारीकरणाचा निषेध आहे, असे लेक सांगत. तर ते हरवलेल्या निरागसतेचे गाणे आहे, अशी सिनफील्ड यांची धारणा होती. सण कोणताही असो, त्याचा बाजार मांडला गेला की आत काहीतरी मरते, ही वेदना आपल्यालाही परकी नाही. त्या नाताळात हे गीत ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर थांबले. पहिल्या क्रमांकावर ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ होते आणि ते रचणारे फ्रेडी मर्क्युरी हे आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेले पारशी कलावंत! मर्क्युरी स्वतः गात असल्यामुळे जगाने त्यांना ओळखले. सिनफील्ड यांच्या वाट्याला ते भाग्य नव्हते.

कारकिर्दीचा उत्तरार्ध अधिक विचार करायला लावणारा आहे. संगीतकार अँडी हिल यांच्या साथीने सिनफील्ड सरळसोप्या पॉप गीतांकडे वळले. ‘बक्स फिझ’ने गायलेले ‘द लँड ऑफ मेक बिलीव्ह’ जानेवारी १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये अग्रस्थानी गेले. वरकरणी बालगीतासारख्या या रचनेत थॅचर सरकारवरील टीका दडलेली आहे, असे पुढे खुद्द गीतकारानेच सांगितले. १९९५ साली सेलीन डिऑन यांच्या स्वरातील ‘थिंक ट्वाइस’ सलग सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले आणि एकट्या ब्रिटनमध्ये त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या.

यावर नाके मुरडणारे रसिक होतेच. गूढ, प्रतिमासंपन्न काव्य लिहिणारा कवी बाजाराला शरण गेला, असा त्यांचा आक्षेप. तो सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही; ‘थिंक ट्वाइस’मध्ये ‘किंग क्रिम्सन’ची गूढता शोधू गेल्यास निराशाच पदरी पडेल. परंतु दुर्बोध लिहिणे म्हणजे थोर आणि सुबोध लिहिणे म्हणजे हलके, हे समीकरण आपण का मानावे? ज्या भाषेच्या संतांनी गहनातले गहन तत्त्व जात्यावरच्या बाईलाही कळेल अशा शब्दांत सांगितले, त्या भाषेच्या वाचकाला तरी ते पटू नये. दुरावणाऱ्या जोडीदाराला घातलेली साद तीन-चार मिनिटांत, साध्या शब्दांत आणि दिलेल्या चालीत बसवणे हीदेखील साधनाच आहे.

खरी हानी निराळीच आहे. गाणी जसजशी लोकप्रिय झाली, तसतसे गीतकाराचे नाव वेष्टनावरच्या बारीक अक्षरांत गेले. आता तर वेष्टनही उरले नाही. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर गायकाचे नाव ठळक झळकते. गीतकाराचे नाव शोधायला आणखी एखादी कळ दाबावी लागते आणि तेवढी तसदी कोण घेतो?

आपल्याकडे ‘गीतकार, संगीतकार आणि गायक’ असा त्रिविध उल्लेख करण्याची आकाशवाणीची परंपरा आहे. त्यामुळेच शेतावर वा स्वयंपाकघरात गाणे ऐकणाऱ्यालाही कवीचे नाव मुखोद्गत झाले. २०१२ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील दुरुस्तीने चित्रपटगीतांच्या रॉयल्टीतला गीतकाराचा वाटाही सुरक्षित केला. पैशाचा न्याय कायदा देऊ शकतो. कृतज्ञतेचा न्याय समाजालाच द्यावा लागतो.

तेव्हा शाळेच्या स्नेहसंमेलनात, उत्सवाच्या मंडपात वा घरच्या मैफलीत गाणे सादर करण्यापूर्वी ते लिहिणाऱ्याचे नाव अवश्य घ्यावे. त्याला अर्धे मिनिटही लागत नाही. ज्याच्या शब्दांवर आपण सुखदुःखाचे क्षण तोलून धरतो, त्याचे एवढे ऋण तरी आपण मान्य करायला हवे.