विश्लेषण : कबड्डीची बचावफळी लिलावात विकत मिळते का?

कारंजा तालुक्यातील धनजसारख्या गावात सोयाबीन निघाले, की कबड्डी स्पर्धांचे वेध लागतात. संघ जमवताना पहिला प्रश्न असतो, चढाईला कोण? चांगला चढाईपटू गावात नसेल, तर तो बाहेरून आणण्यासाठी वर्गणी निघते. बचावाला कोण कुठे उभे राहणार, हे मात्र बऱ्याचदा सामन्याच्या दिवशी मैदानावरच ठरते. प्रो कबड्डीतील गेल्या काही मोसमांचा हिशोब मांडला, तर हा क्रम उलटा करावा लागेल असे दिसते. त्यासाठी पुणेरी पलटणचे उदाहरण पुरेसे बोलके आहे.

पलटणने नेमके काय केले?

17 डिसेंबर 2022 रोजी मुंबईत झालेल्या नवव्या मोसमाच्या अंतिम सामन्यात जयपूर पिंक पँथर्सने पलटणला 33-29 असे हरवले. त्या मोसमात डावा कोपरा इराणचा फझल अत्राचली सांभाळत होता. त्याच्यासाठी पलटणने 1 कोटी 38 लाख रुपये मोजले होते. पुढच्या मोसमाआधी पलटणने त्याला मोकळे केले. उजव्या कोपऱ्यातील गौरव खत्री आणि मधल्या फळीतील अबिनेश नादराजन व संकेत सावंत हे तिघे तरुण मात्र संघातच राहिले.

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईत लिलाव झाला. रिकाम्या डाव्या कोपऱ्यासाठी पलटणने इराणच्याच मोहम्मदरेझा शादलुईवर 2 कोटी 35 लाखांची बोली लावली. संघाची एकूण खर्चमर्यादा 5 कोटींची होती, म्हणजे जवळपास निम्मी रक्कम एका बचावपटूवर गेली. गंमत म्हणजे, त्याच्या दोनच दिवस आधी हांगझो येथे आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात शादलुई इराणकडून आणि पलटणचा अस्लम इनामदार भारताकडून एकमेकांसमोर उभे होते.

निकाल लगेच दिसला. साखळी फेरीतील 22 सामन्यांपैकी पलटण फक्त 2 हरली. 1 मार्च 2024 रोजी हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे नमवून तिने पहिल्यांदा विजेतेपद मिळवले. शादलुई मोसमातील सर्वोत्तम बचावपटू ठरला.

मग पैशानेच काम केले ना?

अर्धेच. शादलुईचा पुढचा प्रवास पाहिला, की उरलेले अर्धे कळते. 2024 च्या लिलावात त्याला हरियाणा स्टीलर्सने 2 कोटी 7 लाखांना घेतले. हरियाणाकडे जयदीप दहिया आणि राहुल सेठपाल हे आदल्या मोसमाच्या अंतिम फेरीपर्यंत एकत्र खेळलेले दोघे तयार होते. शादलुईने डावा कोपरा भरला आणि 29 डिसेंबर 2024 रोजी बालेवाडीत पाटणा पायरेट्सला 32-23 असे हरवून हरियाणाही पहिल्यांदा विजेती झाली.

2025 मध्ये त्याच शादलुईसाठी गुजरात जायंट्सने 2 कोटी 23 लाख मोजले. या वेळी मात्र संघ बाद फेरीच्या जवळही पोहोचला नाही. खेळाडू तोच, जागा तीच, किंमतही जवळपास तीच. पुण्यात आणि हरियाणात त्याच्या शेजारी आधीपासून जुळलेले बचावपटू होते, हा फरक नजरेआड करता येत नाही.

उलट बाजूही नोंदवायला हवी. शादलुई गेल्यावर अकराव्या मोसमात पलटणला पहिल्या सहांत जागा मिळाली नाही. पण तेव्हा कर्णधार अस्लम इनामदार दुखापतीमुळे मोसमाच्या मध्यावरच बाहेर गेला होता, त्यामुळे सगळे खापर बचावावर फोडता येणार नाही. बाराव्या मोसमात गौरव आणि अबिनेश यांना धरून उभी केलेली पलटण पुन्हा अंतिम फेरीत पोहोचली आणि दबंग दिल्लीकडून 28-31 अशी थोडक्यात हरली.

बचावात जोडीला इतके महत्त्व का?

चढाई एकट्याची असते, पकड एकट्याची क्वचितच असते. सात जणांच्या संघात दोन कोपरारक्षक आणि दोन मध्यरक्षक असे चौघे बचावाचा कणा असतात. कोपऱ्यातला खेळाडू चढाईपटूचा घोटा किंवा मांडी धरतो. त्याच क्षणी शेजारच्या मध्यरक्षकाने मध्यरेषेकडे जाणारी वाट अडवायची असते. तो अर्धा क्षण उशिरा आला, तर चढाईपटू लोळत जाऊन रेषेला हात लावतो. मग धरणारा आणि मदतीला आलेला दोघेही बाद होतात. यशस्वी पकडीला एक गुण आहे, पण फसलेल्या पकडीची किंमत दोन-तीन गुणही असू शकते. त्यातून लोण चढला, तर आणखी दोन गुण जातात.

हा अंदाज बोलून येत नाही. चढाईपटूकडे 30 सेकंद असतात आणि तोही ऐकत असतो. शेजाऱ्याच्या हाताला बसलेल्या हिसक्यावरून, त्याच्या पायाच्या हालचालीवरून पुढचे कळावे लागते. सोबत शेकडो वेळा सराव केल्यावरच ते जमते. म्हणूनच मोसम संपल्यावरचे महिने बचावासाठी सर्वांत मोलाचे असतात. स्पर्धा सुरू झाल्यावर चुका दुरुस्त करायला सवड मिळत नाही.

गावच्या संघाने यातून काय घ्यावे?

गावच्या संघाकडे लिलाव नाही, कोटी तर नाहीतच. पण पलटणच्या यशातला जो भाग पैशाने आला नाही, तो धनजलाही जमण्यासारखा आहे. पेरणी आटोपल्यावर हाती सवड असते. तेव्हाच चौघांच्या जागा ठरवाव्यात आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी त्याच जोड्यांनी सराव करावा. एक सामना हरला म्हणून जोडी मोडू नये. गावातल्या जुन्या खेळाडूला फक्त बचाव पाहण्यासाठी मैदानाकडेला बसवावे. खेळताना दोघांपैकी उशीर कोणाचा झाला, ते बाहेर बसलेल्यालाच स्पष्ट दिसते.

खरी अडचण वेगळी आहे. दरवर्षी एखाद-दुसरा मुलगा शिक्षणासाठी किंवा कामासाठी पुण्या-नागपूरला जातो आणि नेमका कोपरा रिकामा होतो. त्यावर बाहेरून खेळाडू आणणे हा एका स्पर्धेपुरता उपाय आहे. प्रत्येक जागेमागे शाळेतला एक मुलगा तयार ठेवणे हा टिकणारा उपाय आहे. पलटणचे ते तिघेही तरुणच होते. त्यांना वेळ दिला गेला.

वर्गणीच्या खर्चाचाही विचार व्हावा. पकड करणाऱ्याचे गुडघे, घोटे आणि खांदे सर्वांत जास्त झिजतात. बाहेरच्या चढाईपटूला एका दिवसासाठी दिल्या जाणाऱ्या पैशात गुडघ्याचे पट्टे येतात, मैदानावरचे खडे वेचून मऊ माती टाकता येते. शेतात राबणाऱ्या मुलाचा गुडघा गेला, तर नुकसान एका सामन्याचे नसते, अख्ख्या हंगामाचे असते.

स्पर्धेत टाळ्या चढाईला पडतात आणि पुढेही पडतील. पण पुढच्या हिवाळ्यात संघ उतरवायचा असेल, तर मंडळाच्या बैठकीतला पहिला प्रश्न बदलावा लागेल. डाव्या कोपऱ्यात कोण, त्याच्या शेजारी कोण आणि ते दोघे कधीपासून एकत्र खेळत आहेत, हे आधी विचारले पाहिजे.