हजार वॉटचा हिशेब आणि लाकडाची पेटी

संगणकाच्या स्पीकरच्या खोक्यावर '१००० वॉट पी.एम.पी.ओ.' असे ठळक छापलेले असते. आकडा पाहून आईबाप मुलांसाठी पदरचे पैसे मोजतात. आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे. आधी जमेची बाजू पाहतो. स्पीकर संगणकाच्या यू.एस.बी. २.० जागेवर चालत असेल, तर तिथून मिळतात ५ व्होल्ट आणि नियमाप्रमाणे जास्तीत जास्त अर्धा अँपिअर. म्हणजे अडीच वॉट. जमा अडीच आणि खर्च हजार, हा ताळेबंद कोणता? पी.एम.पी.ओ. मोजण्याची सर्वमान्य रीतच नाही. विचारायचेच तर 'आर.एम.एस. किती?' असे विचारावे.

खोलीत बसून धडा ऐकायला दोन-तीन वॉट पुष्कळ होतात. आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत एकच संगणक आहे. इंग्रजीचे पाठ लावले की मागे बसलेल्या मुलींना शब्द नीट कळत नसत, आणि आवाज वाढवला की प्लास्टिकची डबी खुळखुळे. मुली ऐकण्यात मागे पडत होत्या त्या डबीपायी!

त्याचे कारण समजून घ्यावे. स्पीकरचा पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते, त्याच क्षणी मागची विरळ होते. या दोन लाटा कडेने एकमेकींना भेटल्या की खर्जाचा आवाज आपापसांतच मिटून जातो. मागची लाट कोंडून धरणे हे पेटीचे काम. पातळ प्लास्टिक ते करीत नाही, उलट स्वतःच थरथरते.

म्हणून नवशिक्याने पेटीपासूनच सुरुवात करावी. ३ इंची, ४ ओमचे दोन 'फुल रेंज' स्पीकर आणि पी.ए.एम. ८४०३ नावाची चिमुकली अँप्लिफायर पट्टी मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुटी मिळते. ही पट्टी ५ व्होल्टवर चालते. मोबाईलचा चांगला चार्जर पुरतो. सुताराकडे कपाटाचे उरलेले १२ मि.मी. प्लायवूडचे तुकडे असतात. आतून १२ × १२ × १५ सें.मी. अशा दोन पेट्या केल्या की प्रत्येकी दोन लिटरवर जागा होते. गोल भोक सुताराकडूनच पाडून घ्यावे. सांधे फेव्हिकॉलने असे बुजवावेत की हवा कुठूनही निसटू नये, आणि आत उशीतला सिंथेटिक कापूस सैल भरावा.

जोडणीत दोन गोष्टी सांभाळाव्यात. या पट्टीवर दोन्ही स्पीकरच्या उणे तारा एकत्र बांधू नयेत. तसे केल्यास पट्टी जळते. दुसरे, दीड व्होल्टचा सेल स्पीकरला क्षणभर टेकवून पाहावा. पडदा बाहेर आला, तर सेलचे अधिक टोक जिथे टेकले ती स्पीकरची अधिक बाजू. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर खर्ज हरवतो.

घरात २३० व्होल्टवर चालणारा जुना स्पीकर असेल, तर मुलांनी तो एकट्याने उघडू नये, जाणत्या माणसाला सोबत घ्यावे.

पेट्या तयार झाल्या की जमिनीवर ठेवू नयेत. 'स', 'फ' यांसारखी अक्षरे ज्या बारीक आवाजाची बनतात, तो आवाज सरळ रेषेत जातो. बसलेल्या मुलांच्या कानाच्या उंचीवर, त्यांच्याकडे तोंड करून ठेवाव्यात.