‘साइड’, ‘फॉस’ आणि भाताचे खाचर

इंग्रजी भाषेत नाशाच्या अर्थाने ‘साइड’ हे उत्तरपद धारण करणारे जे शब्द आहेत, त्या सर्वांच्या मुळाशी वध करणे या अर्थाचे एकच लॅटिन क्रियापद आहे. होमिसाइड म्हणजे मनुष्यवध, सुइसाइड म्हणजे आत्मवध, रेजिसाइड म्हणजे राजवध. आणि दुसरे महायुद्ध अद्याप चालू असताना, १९४४ साली, राफाएल लेमकिन या पोलिश विधिज्ञाने एका संबंध मानवसमूहाच्या उच्छेदाला नाव देण्यासाठी जेनोसाइड हा शब्द घडविला, तोही ग्रीक पूर्वपदाला हेच लॅटिन उत्तरपद जोडून. शालान्त परीक्षेच्या इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत प्रत्यय लावून शब्द तयार करण्याचे प्रश्न असतात, आणि आमची मुले त्यासाठी अशा शब्दांच्या याद्या तोंडपाठ करतात. परंतु याच कुळातील इन्सेक्टिसाइड, फंजिसाइड, वीडिसाइड आणि रोडेंटिसाइड हे चार शब्द, जे कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या घरात दर पावसाळ्यात बाटल्यांवर आणि पुड्यांवर छापून येतात, त्यांच्याकडे त्याच मुलांचे लक्ष कोणी वेधल्याचे दिसत नाही.

वास्तविक ही शब्दरचना आपल्याला परकी नाही. चरकसंहितेत द्रव्यांचे जे पन्नास गण सांगितले आहेत, त्यांत कृमिघ्न, कुष्ठघ्न, विषघ्न असे गण आहेत. शत्रुघ्न या नावात आणि कृतघ्न या विशेषणात तोच ‘हन्’ धातू आहे. पूर्वपद कोणाचा नाश ते सांगते आणि उत्तरपद नाश होतो एवढे सांगते. आधुनिक मराठीने ‘घ्न’च्या जागी ‘नाशक’ घेऊन कीटकनाशक, बुरशीनाशक, तणनाशक, उंदीरनाशक हे जे शब्द केले, ते मूळ इंग्रजी शब्दांहून तसूभरही उणे नाहीत; उलट, ज्याला अक्षरओळख आहे अशा कोणालाही ते पाहताक्षणी कळतात.

असे असूनही आमच्या खेड्यापाड्यांतून या चारही जिन्नसांना एकच नाव आहे, आणि ते म्हणजे ‘औषध’. भातावर औषध मारले, दुकानातून औषध आणले, औषधाचा वास येतो, असेच आपण बोलतो. हे नाव केवळ ढोबळ नाही, ते घातकही आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या वस्तूला माणूस औषध म्हणतो, ती तो घरात, मुलांच्या हाताला लागेल अशा फळीवरही ठेवतो, उघड्या हाताने ढवळतो, डोस थोडा जास्त झाला तर गुण लवकर येईल असे मानतो, आणि ती संपल्यावर तिची बाटली धुऊन दुसऱ्या कामाला घेतो. विषाशी त्याच माणसाने असा व्यवहार कधी केला नसता.

आपल्या भागापुरते पाहिले तर हा प्रश्न गेल्या एकदोन पिढ्यांत अधिक बिकट झाला आहे. घरातली तरणी माणसे सकाळची लोकल गाठून बदलापूर, कल्याण, मुंबईकडे जातात, खोपोलीच्या कारखान्यांत लागतात. बेणणीला माणूस मिळेनासा झाला, आणि त्याची जागा तणनाशकाने घेतली. आता तणनाशकांतही जाती आहेत. प्रेटिलाक्लोर, ब्युटाक्लोर अशी ‘क्लोर’ने शेवट होणारी नावे भातशेतीत सर्रास ऐकू येतात, ती लावणीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत, तण वर येण्यापूर्वी वापरावयाची असतात, आणि तण गुडघाभर वाढल्यावर ती ओतणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे होय. याउलट टू-फोर-डी हे रुंद पानांच्या वनस्पतींना मारणारे द्रव्य आहे. भात हे गवताच्या कुळातले असल्यामुळे योग्य वेळी व योग्य मात्रेत ते त्याला सोसते. परंतु पाठीवरचा तोच पंप नीट न धुता पुढे भेंडीवर, टोमॅटोवर किंवा भात कापल्यावर ओलीवर पेरलेल्या वालावर चालविला, तर पंपाच्या तळाशी राहिलेल्या अंशानेही पाने वेडीवाकडी होऊन पीक हातचे जाते. दोन्ही वेळा शेतकऱ्याने आपल्या समजुतीप्रमाणे ‘औषधच’ मारलेले असते.

रोगांच्या नावांतही हाच घोटाळा आहे. करपा आणि कडा करपा या दोन नावांचा शेवट एकच असल्यामुळे ती एकाच रोगाची दोन रूपे असावीत असे वाटते; पण करपा बुरशीमुळे होतो आणि कडा करपा जिवाणूमुळे. ट्रायसायक्लाझोलसारखे बुरशीनाशक पहिल्यावर चालते, दुसऱ्यावर त्याचा काडीचाही उपयोग नाही. आपल्या कर्जतच्या भात संशोधन केंद्राने कर्जत-३, कर्जत-१८४ यांसारखे वाण दिले आणि त्यांची नावे कोकणभर घरोघरी पोहोचली. वाणाचा आकडा ज्याच्या ध्यानात राहतो, त्याच्या ध्यानात बुरशी आणि जिवाणू यांतील भेद राहणार नाही, असे मानण्याचे काहीएक कारण नाही.

या गोंधळाला खुद्द कायद्यानेही हातभार लावला आहे. १९६८ सालच्या कीटकनाशके अधिनियमाने ‘इन्सेक्टिसाइड’ या एकाच संज्ञेच्या पोटात बुरशीनाशके आणि तणनाशकेही घातली. त्यामुळे तणनाशक विकणाऱ्या दुकानदाराचा परवाना कीटकनाशक विक्रीचा, त्याच्या दारावरची पाटी कीटकनाशकांची, आणि तपासणीला येणारा अंमलदार कीटकनाशक निरीक्षक! प्रशासनाच्या सोयीसाठी केलेली व्याख्या दप्तरात राहती तर हरकत नव्हती. ती बाजारात उतरली म्हणून शब्दातला जो उपयुक्त भेद होता तो पुसला गेला.

मात्र त्याच कायद्याखालच्या नियमांनी एक फार मोलाची गोष्टही केली आहे. प्रत्येक वेष्टनावर कोनावर उभा केलेला एक चौकोन असतो, त्याचे दोन त्रिकोण पाडलेले असतात, आणि खालच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो: लाल सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि सर्वांत सौम्य हिरवा. ही खूण निरक्षरालाही वाचता येते. तिच्याजवळच, बहुधा व्यापारी नावाच्या मानाने पुष्कळच बारीक अक्षरांत, द्रव्याचे सामान्य नाव असते. आणि त्या नावाचा शेवट हा माझ्या मते त्या बाटलीवरचा सर्वांत दुर्लक्षित मजकूर आहे.

ही नावे लहरीने ठेवलेली नसतात. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची मान्यता मिळालेल्या या नावांच्या शेवटावरून पुष्कळदा द्रव्याचे रासायनिक कूळ कळते. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांतील ‘थ्रिन’ हा शेवंतीच्या कुळातील एका फुलापासून मिळणाऱ्या पायरेथ्रिनची आठवण देतो, आणि ही द्रव्ये माशांना अत्यंत विषारी असतात. ज्या कर्जत तालुक्यात पहिल्या पावसाचे चढणीचे मासे ओढ्यांतून खाचरांत येतात आणि ज्याच्या खाचरांचे पाणी शेवटी उल्हासला आणि पेजला मिळते, तेथे हे ठाऊक असणे अगत्याचे आहे. हेक्झाकोनाझोल, प्रोपिकोनाझोल यांतला ‘कोनाझोल’ बुरशीनाशकाचा. आणि क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस यांतील ‘फॉस’ हा सेंद्रिय फॉस्फरसच्या त्या कुळाचा, जे मज्जातंतूंच्या व्यवहारावरच घाला घालते: लाळ सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वास कोंडतो. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या मध्यान्ह भोजनातून २३ मुले दगावली, ती याच कुळातल्या मोनोक्रोटोफॉसने. आणि २०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांना प्राण गमवावे लागले.

‘फॉस’च्या विषबाधेवर ॲट्रोपिन हा मुख्य उतारा आहे; ‘थ्रिन’च्या बाबतीत तसे नाही. म्हणून रोग्याला रुग्णालयात नेताना ‘औषध पोटात गेले’ एवढे सांगणारा नातेवाईक आणि बाटली बरोबर घेऊन ‘हे फॉसवाले आहे’ असे सांगणारा नातेवाईक, यांच्यामध्ये जी काही मिनिटे आहेत ती एका जिवाच्या मोलाची ठरू शकतात. शेवटावर आंधळा भरवसा मात्र ठेवू नये. मॅलेथिऑन आणि डायमेथोएट हीही त्याच कुळातली असून त्यांच्या नावात ‘फॉस’ नाही. ग्लायफोसेट कानाला जवळचे वाटले तरी ते तणनाशक आहे आणि त्याची तऱ्हा निराळी आहे. म्हणूनच बाटली बरोबर नेणे हे कोणत्याही पाठांतरापेक्षा श्रेष्ठ.

तेव्हा मागणी अशी की, मजकूर प्रादेशिक भाषेत छापण्याचा जो नियम आजही आहे, त्याचा अंमल केवळ घडीच्या पत्रकातील मुंगीएवढ्या अक्षरांनी होऊ नये. कीटकनाशक, बुरशीनाशक, तणनाशक यांपैकी जो शब्द लागू असेल तो वेष्टनाच्या दर्शनी बाजूवर, व्यापारी नावाएवढ्याच ठळक देवनागरीत असावा. दुकानदाराने पावतीवर तोच शब्द आणि द्रव्याचे सामान्य नाव लिहावे. तालुका कृषी कार्यालयाने लावणीपूर्वीच्या गावसभांतून, आणि विशेषतः ज्या कातकरी व ठाकूर वाड्यांतील मजुरांच्या पाठीवर प्रत्यक्ष पंप असतो त्यांच्या वस्तीवर जाऊन, रंगांचा तो चौकोन आणि ‘क्लोर’, ‘थ्रिन’, ‘कोनाझोल’, ‘फॉस’ हे चार शेवट समजावून देण्याची तजवीज करावी. आणि नेरळपासून खोपोलीपर्यंतच्या शाळांतील इंग्रजीच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की, प्रत्ययांचा धडा येईल तेव्हा घरी कोणकोणती नावे आहेत ती मुलांनी मोठ्या माणसांकडून, बाटलीला स्वतः हात न लावता, वहीत उतरवून आणावीत, आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर त्या नावांचे शेवट एकाखाली एक मांडून प्रत्येकाचे कूळ त्यांच्याकडूनच वदवून घ्यावे.