कुरवाच्या अंड्यातील हिशेब

उत्तर नॉर्वेच्या किनाऱ्यावर, औद्योगिक वस्तीपासून दूर असलेल्या दोन वसाहतींतून १९८३, १९९३ व २००३ या साली कुरव पक्ष्यांची अंडी गोळा करण्यात आली. पुढे त्यांची तपासणी झाली तेव्हा पीएफओएस या रसायनाचे प्रमाण पहिल्या दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट झाल्याचे आढळले. हे काही शेतावर फवारण्याचे विष नव्हे. गालिच्यावर डाग पडू नये, कापडात पाणी मुरू नये, खाद्यपदार्थांच्या कागदातून तेल पाझरू नये, अशा किरकोळ सोयींसाठी बनविलेल्या पदार्थांतून ते समुद्रात उतरले होते. २००१ साली जीसी व कन्नन या शास्त्रज्ञांनी जगभरच्या वन्यजीवांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत पॅसिफिक महासागराच्या मध्यावरील मिडवे बेटाचा अल्बट्रॉसही होता.

कार्बन आणि फ्लुओरीन यांचा बंध अतिशय बळकट असतो. ऊन, पाणी, जिवाणू यांपैकी कोणीही तो सहजी तोडू शकत नाही, आणि मालाचा टिकाऊपणा नेमका त्यावरच उभा असतो. डीडीटी चरबीत साठते. ही द्रव्ये मात्र रक्तातील व यकृतातील प्रथिनांना चिकटतात आणि मादीच्या देहातून अंड्यात उतरतात. माशांवर जगणारा पक्षी अन्नसाखळीच्या वरच्या टोकाशी असल्यामुळे पाण्यातील अत्यल्प अंश त्याच्या शरीरात अनेक पटींनी वाढलेला दिसतो. ज्याने तवा घेतला नाही, गालिचा वापरला नाही, त्याच्या पिलांच्या वाट्याला हे ओझे यावे, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने नीट पाहण्याजोगी आहे.

पाठ्यपुस्तके याला ‘बाह्य खर्च’ असे सोज्वळ नाव देतात. जणू तो चुकून बाहेर सांडला! विल्यम काप यांनी १९५० सालीच दाखवून दिले होते की, खर्च समाजावर ढकलणे हा खाजगी उद्योगाचा अपवाद नसून त्याच्या हिशेबपद्धतीचाच भाग आहे. पीएफओएसच्या प्रमुख अमेरिकन उत्पादकाने आपल्याच कामगारांच्या रक्तात फ्लुओरीनची संयुगे १९७०च्या दशकात मोजली होती. उत्पादन थांबविण्याची घोषणा झाली ती मे २००० मध्ये. या पाव शतकात नफा भागधारकांना मिळाला. रक्त कामगारांचे होते आणि अंडी कुरवांची.

बंदीचा इतिहासही बोधप्रद आहे. स्टॉकहोम कराराच्या यादीत पीएफओएस २००९ साली आले, तेही अनेक सवलतींसह. पीएफओए २०१९ साली आले. मधल्या काळात उद्योगाने रेणूची रचना थोडी बदलून नवी द्रव्ये बाजारात आणली. अमेरिकेच्या केप फिअर नदीच्या मुखाशी समुद्रपक्ष्यांच्या पिलांची तपासणी झाली, तेव्हा त्यांच्या यकृतांत जुन्या द्रव्यांबरोबर नवीही सापडली. एकेका रेणूवर वर्षानुवर्षे खटला चालवायचा आणि तोवर दुसऱ्याला मोकळे सोडायचे, हा न्याय उत्पादकाच्या सोयीचा आहे. जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, स्वीडन व नॉर्वे यांनी जानेवारी २०२३ मध्ये हा संपूर्ण वर्गच निर्बंधाखाली आणण्याचा प्रस्ताव युरोपीय संघापुढे मांडला, तो याच अनुभवातून.

पण एका खंडात दार बंद झाले म्हणजे यंत्रे भंगारात जातातच असे नाही. इटलीतील त्रिस्सिनो येथील मितेनी कारखान्याने व्हेनेतो प्रांतातील तीन लाखांहून अधिक लोकांच्या वस्तीचे पाणी दूषित केले. २०१८ साली त्याचे दिवाळे निघाले, आणि जून २०२५ मध्ये विचेन्झाच्या न्यायालयाने संबंधित कंपन्यांच्या अकरा अधिकाऱ्यांना कारावासाची शिक्षा ठोठावली. त्या कारखान्याची यंत्रसामग्री दरम्यान एका भारतीय उद्योगाने विकत घेतली असून ती रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आली आहे. नव्या मालकाने इटलीतील चुका कराव्यातच असे काही विधिलिखित नाही, व तसा आरोपही येथे करावयाचा नाही. प्रश्न शासनाला आहे. भारताने २०२० साली स्टॉकहोम कराराच्या यादीतील आणखी सात रसायनांवरील बंधने स्वीकारली; त्या सातांत पीएफओएस नव्हते. लोट्याचे सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रातून दाभोळच्या खाडीकडे जाते. जैविक प्रक्रियेने या द्रव्यांचे विघटन होत नाही, हे सर्वमान्य आहे. मग मोजणार कोण, आणि कोणत्या मर्यादेशी तुलना करणार?

येथे रोजगाराचा मुद्दा पुढे केला जाईल. तो खोटा नाही, आणि कोकणातील तरुण मुंबईला का जातो हे ज्याला ठाऊक आहे त्याने तो हसण्यावारी नेऊ नये. परंतु व्हेनेतोत सर्वाधिक द्रव्य सापडले ते कारखान्यातील कामगारांच्याच रक्तात. तेव्हा कामगार संघटना आणि खाडीतील मच्छीमार सोसायट्या यांना परस्परांविरुद्ध उभे करण्याचा डाव यशस्वी होऊ देणे म्हणजे दोघांचेही नुकसान करून घेणे होय. कामगारांच्या रक्ताची, खाडीच्या पाण्याची व मासळीची तपासणी आताच, कारखानदाराच्या खर्चाने परंतु सार्वजनिक प्रयोगशाळेत व्हावी आणि आकडे मराठीतून ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत, ही मागणी दोघांनी मिळून करता येण्यासारखी आहे. कुरव कोकणात हिवाळ्यापुरता येतो, अंडी घालीत नाही. परंतु काकण इथलीच आहे. किनाऱ्यावरच्या उंच झाडांवर ती घरटे बांधते व याच पाण्यातली मासळी खाते. तिच्या न उबलेल्या अंड्यांचाही त्या तपासणीत समावेश करावा.