क्रँकची पिन वेल्ड करावी का?

यामाहा आरएक्स 100 चे उत्पादन 1996 मध्ये थांबले, तिचा नाद मात्र थांबला नाही. यवतमाळ, पुसद, वणीकडे कुणी अशी गाडी शर्यतीसाठी उघडली, की मिस्त्रींमध्ये एका प्रश्नावर दोन तट पडू शकतात: क्रँकची पिन वेल्ड करावी का?

या इंजिनाचा क्रँक एकसंध नसतो. दोन वेब, मध्ये पिन, पिनेवर सुयांचे बेअरिंग आणि रॉड, हे सारे प्रेसने दाबून बसवलेले असते. पिन भोकापेक्षा किंचित जाड, म्हणून घट्ट. पकड एवढ्याच फरकाची.

वेल्डवाल्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. मूळ इंजिन मिनिटाला 7500 फेऱ्यांना 11 बीएचपी देते. ट्यून करून ते 10,000 फेऱ्यांवर पळवले, तर पिस्टन-रॉडच्या जडत्वाचा ताण वेगाच्या वर्गाने, म्हणजे पावणेदोन पटींहून थोडा अधिक वाढतो. त्यात आपल्याकडची पंचेचाळीस अंशांची दुपार आणि थोडे कमी पडलेले ऑइल! पिस्टन जॅम झाला, की झटक्याने एक वेब पिनेवर सरकतो आणि क्रँक 'आऊट' होतो. पिनेच्या दोन्ही टोकांना वेल्डचे टाके असतील, तर हे सहसा टळते.

दुसरीकडे, वेल्ड न करणाऱ्याचा हातही अडाण्याचा नाही. उष्णतेने वेब वाकू शकतो आणि कडक केलेली पिन मऊ पडू शकते. शिवाय पुढचे रॉड किट बसवताना टाके घासून काढावे लागतात. मोठ्या कामासाठी गाठायचे नागपूर यवतमाळहून सुमारे दीडशे किलोमीटरवर असताना, पुन्हा सहज उघडता येणारा क्रँक ही मोठी सोय आहे. पुण्याच्या भारत फोर्जसारखे कारखाने मोठ्या संख्येने क्रँक घडवतात; एका जुन्या आरएक्ससाठी कोणी डाय पाडणार नाही. असलेले वेब जपावेच लागतात.

खरा धोका मात्र या दोन्ही बाजूंच्या मधल्या जागेत आहे. प्रत्येक वेळी पिन काढून बसवताना वेबचे भोक थोडे सैल होते. सैल भोकावर वेल्ड मारणारा मिस्त्री आजार झाकतो, बरा करत नाही.

म्हणून आमचा कल सशर्त वेल्डकडे आहे, तोही फक्त शर्यतीच्या इंजिनापुरता. आधी मायक्रोमीटरने पिन आणि बोअरगेजने भोक मोजावे. पकड पुरेशी नसेल तर जाड पिन घालावी किंवा वेब बदलावा. मग व्ही-ब्लॉकवर डायल लावून आऊट साधारण तीन शतांश मिलिमीटरच्या आत आणावा, त्यानंतर बेताचे टाके घालावेत आणि डायल पुन्हा लावावा. बहुतेक घोटाळे हा शेवटचा डायल चुकवल्याने होतात, असे आम्हाला वाटते. घरच्या येझदीवर बाजारहाट करणाऱ्याने मात्र वेल्डच्या वाटेला जाऊ नये; तिथे सुटा होणारा क्रँकच बरा.