शिळा बर्गर आणि कच्चा बर्गर

इंग्लंडात उन्हाळा म्हणजे पाऊस न पडलेले चार-दोन शनिवार-रविवार. असा एखादा रविवार उजाडला की घरोघरी मागच्या अंगणात कोळसा पेटतो. (त्या अंगणाला इथे 'गार्डन' म्हणतात, मग तिथे चार फरश्या आणि कुंडीतली एक तुळस का असेना!) आम्हा मराठी मंडळींच्याही बार्बेक्यू पार्ट्या होतात. तीस-चाळीस माणसं, चिकनच्या खिम्याचे बर्गर, शाकाहाऱ्यांसाठी बटाट्याचे वेगळे, शिवाय कोशिंबीर. आणि दर वेळी तोच वाद: बर्गर आधी शिजवून ठेवायचे की नाही? "छे! मग मजा काय राहिली? समोर भाजलेलं ताजं हवं, शिळं कसलं खायला घालता?"

माझं मत बरोबर उलट आहे. माणसं जास्त असतील तर बर्गर आधी, आणि पूर्ण, शिजवूनच ठेवावेत.

कारण सगळं खिम्यात आहे. बीफच्या अखंड तुकड्यावर जंतू असतात ते मुख्यतः बाहेरच्या बाजूला. म्हणून इथले लोक आतून गुलाबी स्टेक बिनधास्त खातात. खिमा करताना मात्र बाहेरचं सगळं आत जातं. त्यामुळे बर्गरचा मध्यभाग ७० अंश सेल्सिअसला २ मिनिटं किंवा ७५ अंशांना ३० सेकंद राहिला पाहिजे, असं इथली फूड स्टँडर्ड्स एजन्सी सांगते. आता इंजिनियरचं गणित: जाडी दुप्पट केली की उष्णता मध्यापर्यंत पोचायला साधारण चौपट वेळ लागतो. निखाऱ्यावर तेवढ्या वेळात बाहेरून कोळसा होतो! त्यात भुकेली पोरं भोवती घिरट्या घालतायत, पावसाचे दोन थेंब पडलेत, आणि चिमटा आहे वर्षभर स्वयंपाकघरात पाऊल न टाकणाऱ्या एखाद्या उत्साही पुरुषाच्या हातात. बाहेरून काळा झाला, म्हणजे झाला!

यात फक्त पोट बिघडण्याचा प्रश्न असता तर मी एवढं लिहिलं नसतं. १९९३ साली अमेरिकेत कमी शिजलेल्या बर्गरमधून ई. कोलाय ओ१५७ हा जंतू पसरला आणि चार मुलं दगावली. तो लहान मुलांची आणि म्हाताऱ्यांची मूत्रपिंडं निकामी करू शकतो. १९९६ मध्ये स्कॉटलंडमधल्या विशॉ गावात त्याच जंतूनं विसाच्या आसपास माणसं गेली, बहुतेक वृद्ध. तिथे कच्च्या मांसातले जंतू शिजलेल्या मांसाला लागले होते. तेव्हा कच्च्याची ताटली आणि चिमटा शिजलेल्याला लावू नये, हेही आलंच.

आता 'आधी' म्हणजे काय ते नीट सांगतो. आपल्याकडे वडे अर्धवट तळून ठेवतात आणि पाहुणे आले की पुन्हा कढईत सोडतात. ती युक्ती खिम्याला लावू नये. आतून कोमट राहिलेला खिमा म्हणजे जंतूंना आयतं घर. रस्ते दोनच. त्याच दिवशी ओव्हनमध्ये पूर्ण शिजवून लगेच निखाऱ्यावर ठेवा, धुराचा वास लागेपर्यंत. किंवा आदल्या दिवशी पूर्ण शिजवा, पसरून लवकर गार करा, तासा-दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये (५ अंश किंवा कमी) ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी आतपर्यंत वाफा येतील इतका गरम करा.

चव थोडी उतरते, रस कमी होतो, हे मान्य. कांदा, चटणी आणि टोमॅटो त्यासाठीच असतात! पण आपला 'शिळं' हा शब्द फक्त घड्याळ बघतो, तापमान बघत नाही. रात्रीच फ्रिजमध्ये गेलेला बर्गर आपल्याला शिळा वाटतो आणि दुपारभर टेबलावर पडलेला पुलाव 'आजचाच' असतो. खरं तर त्या पुलावाचीच मला जास्त धास्ती वाटते.

पुण्या-मुंबईत आता गच्चीवर कबाबांच्या पार्ट्या होतात, तिथेही गणित हेच. अन्नात खुपसायचा एक थर्मामीटर घ्या. पाहुणे हसतील, हसू देत. यजमानालाही मग धुरात उभं राहण्याऐवजी त्यांच्यात बसून जेवता येईल.