कॅज्युअल्टीतला पहिला प्रश्न

पुण्यात वाहतूक बरी असेल तर लॉ कॉलेज रोडवरून ससून रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीपर्यंत जायला रिक्षाला अर्धा तास पुरतो. लॉ कॉलेज रोडवरच्या इंडियन लॉ सोसायटीचं मानसिक आरोग्य कायदा आणि धोरण केंद्र आणि त्याचे संचालक डॉ. सौमित्र पठारे यांचा २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या मसुद्यात मोठा वाटा होता. या कायद्याचं ११५वं कलम सांगतं की, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं, उलट सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरायचं. तिच्यावर खटला भरायचा नाही, तिला शिक्षा करायची नाही. तिची काळजी, उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. २९ मे २०१८पासून हा कायदा देशभर लागू आहे.

आता रात्री दोनचा सुमार. मोठ्या शहरातली कोणतीही कॅज्युअल्टी डोळ्यांसमोर आणावी. एका खाटेवर दुचाकीच्या अपघातातला पोरगा, दुसरीवर छातीत दुखणारे आजोबा, आणि तिसऱ्या खाटेवर, पडद्याच्या अलीकडेच, 'पॉयझनिंगची केस'. काय घेतलं, किती घेतलं, कधी घेतलं, हे डॉक्टरने विचारलंच पाहिजे. जीव त्यावर अवलंबून असतो. पण त्या पाठोपाठ जे येतं, त्याचा उपचाराशी काही संबंध नसतो. 'एवढं काय झालं होतं?' 'आईबापाचा विचार नाही केला?' आणि सगळ्यात वाईट, 'मरायचंच होतं तर इथं कशाला आलात?' हे प्रश्न डॉक्टरच विचारतात असं नाही. कधी ब्रदर विचारतो, कधी ट्रॉली ढकलणारा वॉर्डबॉय, कधी शेजारच्या खाटेवरचा नातेवाईक. पडद्याचा उपयोग बहुधा शोभेपुरताच असल्यामुळे उत्तर सगळ्यांना ऐकू जातं.

हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. ऑक्सफर्डच्या केट साँडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली या विषयावरचे ७४ अभ्यास एकत्र तपासले. सर्वसाधारण रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांचा, त्यातही डॉक्टरांचा, स्वतःला इजा करून घेणाऱ्या रुग्णांबद्दलचा दृष्टिकोन बऱ्याच अंशी नकारात्मक निघाला. चीड येणं, असहाय वाटणं या भावना वारंवार नोंदल्या गेल्या, आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या रुग्णांच्या बाबतीत त्या अधिकच तीव्र होत्या. ब्रिटनमध्ये तर अशा रुग्णाच्या जखमेला टाके घालताना पुरेशी भूल द्यावी, हेही राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत २००४ साली स्पष्ट लिहावं लागलं. जी गोष्ट लिहून द्यावी लागते ती कुठे ना कुठे होत नसणार, एवढं समजायला वाचक शहाणा आहे.

मात्र साँडर्स यांच्या पाहणीत एक गोष्ट अशी आहे की तिच्यामुळे सगळा विषय उपदेशाच्या तावडीतून सुटतो. प्रशिक्षण दिलं की हा दृष्टिकोन सुधारतो. म्हणजे प्रश्न स्वभावाचा कमी आणि शिकवण्याचा जास्त आहे. आपल्याकडे एमबीबीएस झालेल्या मुलामुलींच्या इंटर्नशिपमध्ये मानसोपचार विभागाच्या वाट्याला जेमतेम दोन आठवडे येतात. पोटातलं विष कसं निष्प्रभ करायचं हे त्या इंटर्नला तोंडपाठ असतं. त्यानंतर शुद्धीवर आलेल्या माणसाशी पहिलं वाक्य काय बोलायचं, हे बहुतेकांना कुणी शिकवलेलंच नसतं. मग तो तेच बोलतो जे त्याच्या घरात, गल्लीत बोललं जातं.

कॅज्युअल्टीतल्या माणसांची बाजूही ऐकायला हवी. सलग चोवीस-छत्तीस तासांची ड्यूटी, एका वेळी पाच आणीबाणीचे रुग्ण, दारात नातेवाइकांचा घोळका. डॉक्टरांवर होणारे हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राला २०१०मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून तिथल्या हवेचा अंदाज यावा. जगायची धडपड करणारा एक रुग्ण हातातून निसटत असताना दुसऱ्या खाटेवर स्वतःच इथपर्यंत आलेला माणूस दिसला की मनात कडवटपणा येतो, हे मानवी आहे. तो कडवटपणा रुग्णाच्या कानापर्यंत जाऊ नये एवढीच अपेक्षा आहे.

कारण या कडवटपणामागचा समज चुकीचा आहे. 'नाटक करतेय', 'लक्ष वेधून घ्यायला केलं', 'खरंच मरायचं असतं तर एवढंसं केलं नसतं' ही वाक्यं धोका किरकोळ आहे असं धरून चालतात. आकडे वेगळं सांगतात. निरनिराळ्या देशांतल्या १७७ अभ्यासांचा २०१४ साली एकत्र हिशोब मांडला गेला. स्वतःला इजा करून रुग्णालयात आलेल्यांपैकी सुमारे १६ टक्के पुढच्या वर्षभरात पुन्हा तेच करतात आणि शंभरातले एक-दोन जण त्याच वर्षात आत्महत्येने जातात. ज्याला आपण नाटक म्हणून हिणवतो, तो रुग्ण धोक्याच्या यादीत सगळ्यात वरच्या रांगेत उभा असतो. ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांनी २०२२च्या सुधारणेत तर गुण देऊन 'कमी धोका, जास्त धोका' ठरवणारे तक्ते उपचाराचा निर्णय घ्यायला वापरूच नका, असं बजावलं. तक्ते चुकतात; त्या माणसाची अडचण, त्याची गरज ऐकून घ्या, असा त्यांचा आग्रह आहे.

महाराष्ट्राला तर याची गरज इतरांपेक्षा जास्त. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात देशभरात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांतल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. कारणांत सर्वांत वर कौटुंबिक समस्या, ३१.७ टक्के. हे झाले मृत्यू. प्रयत्न करून वाचलेल्यांची संख्या याच्या कितीतरी पट असते, आणि त्यांच्यापैकी अनेकांची आरोग्यव्यवस्थेशी पहिली गाठ पडते ती कॅज्युअल्टीतच.

तिथे कायद्याची सावलीही असते. एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-न्यायिक नोंद. विषबाधा, भाजणं, गंभीर जखम असं काही आलं की रजिस्टर उघडतं, पोलीस चौकीला कळवलं जातं, मग हवालदार जबाब घ्यायला येतो आणि रुग्ण जबाब देण्याच्या स्थितीत आहे की नाही, यावर डॉक्टरची सही लागते. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेचं ३०९ कलम जिवंत होतं तेव्हा या जबाबाच्या टोकाला एक वर्षापर्यंतची कैद उभी होती. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम नाही. तरी 'पोलीस केस होईल' ही धास्ती गेलेली नाही. ती धास्ती दोन प्रकारे नडते. काही नातेवाईक 'चुकून प्यायली' असं सांगून सुटका करून घेतात आणि सलाईन संपायच्या आत 'स्वतःच्या जबाबदारीवर' सही करून रुग्णाला घरी नेतात. आणि काही लहान दवाखाने 'पोलीस केस आहे, मोठ्या हॉस्पिटलला न्या' म्हणून दारातूनच वाट दाखवतात. पोलिसांची वाट न पाहता आधी जीव वाचवा, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच सांगून ठेवलेलं आहे.

३०९ कलमाच्या गोष्टीत पुण्याचा आणखी एक धागा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने हे कलम १९८६ साली घटनाबाह्य ठरवलं होतं. खटला होता मुंबई पोलिसांतल्या एका शिपायाचा. रस्त्यावरच्या अपघातात डोक्याला मार बसल्यानंतर त्याला मानसिक आजार जडला होता. बायकोला भाजीचा स्टॉल मिळावा म्हणून तो महापालिका आयुक्तांच्या कार्यालयात खेटे घालत होता, आणि दाद मिळेना म्हणून त्याने त्या कार्यालयाबाहेरच जीव द्यायचा प्रयत्न केला. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. निकाल देणाऱ्या खंडपीठावर होते न्यायमूर्ती पी. बी. सावंत, जे पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले, निवृत्तीनंतर पुण्यात राहिले आणि फेब्रुवारी २०२१मध्ये इथेच वारले. अशा माणसाला मानसोपचाराची गरज आहे, तुरुंगाची नाही, असा त्या निकालाचा रोख होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९४मध्ये तीच दिशा धरली, १९९६मध्ये ग्यान कौर खटल्यात कलम पुन्हा वैध ठरवलं, आणि गाडी २०१८पर्यंत तिथेच अडकली. गंमत अशी (गंमत हा शब्द इथे कडूच) की नव्या संहितेतलं २२६ कलम लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला आत्महत्येचा प्रयत्न अजूनही शिक्षापात्र मानतं. आयुक्तांच्या दारातला तो शिपाई आज असता, तर या नव्या कलमात त्याला बसवायचा प्रयत्न झालाच नसता, असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

मग एमएलसीच बंद करावी का? तशी मागणी अधूनमधून होते. ती मान्य करताना थांबायला हवं. भाजून किंवा विष पोटात जाऊन आलेल्या विवाहितेच्या खाटेशी सासू उभी असते, नवरा औषधांची चिठ्ठी घेऊन पळत असतो, आणि ती 'चुकून झालं' म्हणते. खरं काय घडलं याचा एकमेव लेखी पुरावा कधी कधी ती नोंदच ठरते. नोंद ठेवावी, ती घेण्याची पद्धत बदलावी. जबाबाच्या वेळी घरच्यांना बाहेर काढणं, 'तुमच्यावर गुन्हा नाही' हे रुग्णाला पहिल्याच वाक्यात सांगणं, यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.

मुंबईने या बाबतीत एक पाऊल पंचवीस वर्षांपूर्वी टाकलं. वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात २००० साली मुंबई महापालिका आणि 'सेहत' या संस्थेने मिळून 'दिलासा' हे केंद्र सुरू केलं, कौटुंबिक हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांसाठी, रुग्णालयाच्या आवारातच. विष घेऊन आलेली बाई ही पोलिसांची 'केस' आहे तशी ती घरात मार खाणारी बाईही असू शकते, हे तिथल्या डॉक्टर-नर्सना शिकवलं गेलं. विचारायची रीत बदलली की उत्तरंही बदलतात. पुढे मुंबईतल्या आणखी पालिका रुग्णालयांत हे केंद्र पोचलं.

दुसरा धडा चेन्नईचा. जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, भारत, श्रीलंका, इराण आणि चीन या देशांतल्या आपत्कालीन विभागांत एक प्रयोग केला. भारतातलं केंद्र चेन्नईत होतं, डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांच्याकडे. आत्महत्येचा प्रयत्न करून आलेल्या १,८६७ जणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्याला नेहमीच्या उपचारांखेरीज घरी जाण्यापूर्वी सुमारे तासभर नीट बसून बोलणं, आणि पुढच्या अठरा महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट: कसे आहात, काही लागतंय का? निकाल २००८मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात अठरा महिन्यांत २.२ टक्के लोक आत्महत्येने गेले. ज्यांच्याशी कुणी बोललं, ज्यांना कुणी फोन केला, त्या गटात ०.२ टक्के.

यात ना महागडं यंत्र आहे, ना नवं औषध. तासभराचं बोलणं आणि नऊ फोन. प्रशिक्षित परिचारिका हे करू शकते, समाजसेवा अधीक्षक करू शकतो. ज्या पुण्यात २००५पासून 'कनेक्टिंग' या संस्थेचे स्वयंसेवक फोनवर अनोळखी माणसांचं दुःख ऐकत बसले आहेत, तिथे ऐकणारे कान मिळत नाहीत ही सबब चालणार नाही. हे शहर आपल्या पुलांवर, मेट्रोच्या खांबांवर आणि नदीकाठाच्या सुशोभीकरणावर जो खर्च करतं, त्याच्या शेजारी या फोनचं बिल मांडायचीही लाज वाटावी. नोव्हेंबर २०२२मध्ये केंद्राने राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण जाहीर केलं. २०३०पर्यंत आत्महत्यांचं प्रमाण दहा टक्क्यांनी खाली आणायचं त्यात ठरलं आहे. ते गाठायचं तर सुरुवात कुठून करायची, हे शोधायला समिती नको. वाचलेल्यांची नावं कॅज्युअल्टीच्या रजिस्टरमध्ये रोज लिहिली जातातच.

तेव्हा ससून, पिंपरीचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय, महापालिकेचं कमला नेहरू रुग्णालय आणि शहरातली मोठी खासगी रुग्णालयं यांच्या प्रमुखांना या सदराची मागणी साधी आहे. कॅज्युअल्टीत येणाऱ्या अशा प्रत्येक रुग्णाचा पाठपुरावा कोण करतं, त्या माणसाचं पद आणि फोन क्रमांक दारावर लावा. घरी सोडण्यापूर्वी मानसोपचार विभागाची भेट झाली की नाही, याचा एक रकाना डिस्चार्ज कार्डावर छापा. आणि दर सहा महिन्यांनी नवे इंटर्न येतील तेव्हा त्यांची एक दुपार या विषयाला द्या. शिकवायला लॉ कॉलेज रोडवरून माणसं अर्ध्या तासात येतील.

वाचकांपैकी कुणाच्या घरात, शेजारात असा प्रसंग घडला असेल, किंवा कुणाच्या स्वतःच्याच मनात असे विचार घोळत असतील, तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. रुग्णालयात जावं लागलं तर बिनदिक्कत जा, आणि कुणी 'पोलीस केस' म्हणून घाबरवलं तर त्याला ११५वं कलम दाखवा.